अंजनीच्या मागे बँड

८ जानेवारी २०१८, सोमवार

दिवाकर म्हणाला, आजी, रोज लिही, मनात येईल ते. मी म्हटलं, बाबा, मी चौथी शिकलेली बाई, पोस्टकार्ड लिहायचं तरी मला घाम फुटते. तो म्हणाला, चलेगा, मार्क थोडेच द्यायचे आहेत. ही डायरी त्यानेच दिली. कोण्या औषध कंपनीची आहे, वर सोनेरी अक्षरं. आमचे हे होते तेव्हा फॅक्टरीतून कॅलेंडर यायचं, पण ते सगळ्या घराचं. एकट्या माझी म्हणून वस्तू पहिल्यांदाच आली. मराठीत लिहिते, कारण दुसरं लिहिताच येत नाही. दिवाकरला मराठी वाचताना दात दुखल्यासारखं होते, पण तो म्हणाला, मला वाचायची नाहीच, लिहिणं हाच इलाज आहे.

आज घराच्या समोरच्या खोलीला बोर्ड लागला. निळ्यावर पांढरं: मनोदय सम्मोहन एवं परामर्श केंद्र. खाली माझ्या नातवाचं नाव. आमच्या गल्लीत शिलाईचे बोर्ड आहेत, पंक्चरचे आहेत, दाताचा एक आहे, पण असा कोणाचाच नव्हता. मी रस्ता ओलांडून पाहिला, मंग दारातून पाहिला, मंग लीलाबाईला ओढून आणून पाहिला. लीलाबाई माझी शेजारीण, चहात साखर कमी असली तं तोंडावर सांगणारी. ती म्हणाली, "सम्मोहन म्हणजे ते जादूवाले करतात तेच ना?" जळते मेली.

बुद्धाचा नि बाबासाहेबांचा फोटो समोरच्या खोलीतून माझ्या खोलीत आणला. दिवाकर म्हणाला, सब तरह के लोग आएँगे. बरंच झालं, माझ्याजवळ राहतील. त्यांच्या खिळ्यांवर आता सर्टिफिकेटं लागली. एक इंदूरचं, एक पुण्याचं, बाकीची कॉम्प्युटरमधून निघालेली.

मी विचारलं, एवढी काहून? एका डॉक्टरला एक पुरते. तर म्हणाला, प्रत्येकाची पद्धत वेगळी आजी. कोणी झोपवून बोलते, कोणी विचार लिहायला लावते, कोणी खुर्चीशी बोलायला लावते. मी सगळं मिक्स करतो. मी म्हटलं, सगळ्या डाळी एकत्र शिजत नाहीत राजा. हरभरा कच्चा राहते नि मसुरीचं पाणी होते. तो हसला. "कुकर में सब पकता है, आजी."

काय हजरजबाबी पोरगा आहे.

११ जानेवारी

मटर आला की जबलपूरच्या दारादारात बाया शेंगा सोलत बसतात. मी पण बसते, दुपारचं जेवण झालं की, समोरच्या दारात, अंजनीच्या वेताच्या खुर्चीवर. अंजनी माझी लेक. ती नागपूरला गेल्यापासून मी तिथंच बसते, कारण नागपूरची गाडी दुपारी येते, नि स्टेशनवरून ऑटो आला तं याच वळणावरून येईल. रडत मी नाही. डोळ्यातून पाणी येते, ते आपलं आपलं येते. हात शेंगा सोलत राहतात.

आज पहिली खरी पेशंट आली, इथल्याच गोरखपूर मोहल्ल्याच्या मालनबाई, कुकरच्या शिटीला भिणाऱ्या. दारात मला पाहून मागच्या बाईला म्हणाल्या, "इथं तं घरचीच म्हातारी रडून राहिली." नि उलट्या फिरल्या. दिवाकर धावत जाऊन घेऊन आला त्यांना.

जेवताना बळीराम म्हणाला, "माय, तू दारात बसून रडून राहिली तं दवाखान्यात कोण येईन?" बळीराम माझा मुलगा, दिवाकरचा बाप. सून इंदू म्हणाली, "माँजी, मागच्या अंगणात बसा ना, ऊन पण चांगलं येते तिकडे." मी म्हटलं, मागच्या अंगणातून नागपूरच्या गाडीचा ऑटो दिसत नाही. बळीराम ताट सोडून उठला.

अंजनी इथल्या शाळेत शिकवायची. तिने सुखरामशी जमवलं, रेल्वेतला, बायको वारलेली, एक लेकरू पदरात. बळीरामने तिला जाऊ नको म्हणून धरलं, नि हात मोडला तिचा. डावा. त्याचा स्वभाव गरम आहे, बाकी मन साफ. मुद्दाम मोडला नाही, तो धरून होता नि ती ओढून राहिली होती. प्लास्टरसकट गेली. त्याने सांगितलं, पुन्हा या दारात दिसायचं नाही. तेव्हापासून तिचं नाव घरात मी एकटीच घेते.

पण आनंदाची गोष्ट राहिलीच. दिवाकर म्हणाला, "पप्पा, रागावू नका. आजी बीमार आहे. मैं ठीक कर दूँगा." आजवर सगळे नाटक म्हणायचे. नातवाने बिमारी म्हटली. मला इतकं भरून आलं की मी दुसरी पोळी घेतली.

१५ जानेवारी

आज माझा नंबर लागला. मागे झुकणारी खुर्ची आहे, पाय वर होतात, लाज वाटते. पडदे लावले, उलटे आकडे मोजायला लावले. मला उलटे येत नाहीत, मी सुलटेच मोजले, तरी झोप आली.

मंग म्हणाला, आजी, सगळ्यात आनंदाचा दिवस आठव. काय झालं ते मला सांगू नको, फक्त जागा सांग. मी म्हटलं, भेडाघाट. तो म्हणाला, अच्छा, आता तिथंच उभी राहा, नि अंगठा नि मधलं बोट दाब. बस, हे तुझं बटण. पाहिजे तेव्हा दाबायचं, आनंद हजर.

त्याला नाही सांगितलं, इथं लिहिते. अंजनी लहान होती. नर्मदेच्या धुवांधार धबधब्याजवळ मी तिला खांद्यावर घेतलं होतं, तिचे दोन्ही पाय माझ्या गळ्याजवळून खाली, नि मी घोटे धरलेले, पडू नये म्हणून. पिवळा फ्रॉक. ओल्या टाचा माझ्या छातीवर ढोल वाजवल्यासारख्या आपटून राहिली होती. पाणी खाली कोसळते नि धुरासारखं वर येते ना तिथं, तं ही ओरडली, "माय, पाऊस खालून वर पडून राहिला." आजूबाजूचे सगळे हसले. हे तर इतके हसले की त्यांची टोपी वाहून गेली.

बटण खरंच चालते. दिवसभर दाबून पाहिलं. दाबलं की फवारा, नि खांद्यावर ते वजन. पोळ्या करताना दाबलं तं पोळी जळली.

२४ जानेवारी

वेताची खुर्ची दवाखान्यात नेली. दिवाकर म्हणाला, समज, अंजनी आत्या इथं बसली आहे, काय बोलायचं ते बोल. मी बोलली. जेवली काय गं. थंडीत हात दुखते काय. सुखरामचं लेकरू आता तुला माय म्हणते की नाही. खूप दिवसांनी पोटभर बोलली.

दिवाकर घड्याळ पाहून राहिला होता. "आजी, गुस्सा निकालो." मी म्हटलं, कोणावर? "आत्यावर. तुला सोडून गेली ना." मी म्हटलं, ती कुठं सोडून गेली राजा, तिला तं तुझ्या बापाने... तेवढ्यात त्याने टाळी वाजवली. म्हणाला, बस, हाच तो चुकीचा विचार. याच्या जागी बरोबर विचार लिहायचा, रोज लिहायचा, मंग तो खरा वाटायला लागते. ही आणखी वेगळी पद्धत आहे म्हणे, अमेरिकेतली.

अंजनी स्वतःच्या मर्जीने गेली.
अंजनी स्वतःच्या मर्जीने गेली.
अंजनी स्वतःच्या मर्जीने गेली.

हात दुखला. बाकीचं उद्या.

४ फेब्रुवारी, रविवार

आज जितकी हसली तितकी ह्यांच्या टोपीला पण हसली नसेन.

आधी मालनबाईंचं सांगते. त्यांना दिवाकरने मागच्या जन्मात नेलं. पडद्यामागून मला ऐकू येते. त्या निघाल्या राणी. मागच्या आठवड्यात एक मास्तर आले होते, ते निघाले सेनापती. मी दिवाकरला म्हटलं, सगळे राजवाड्यातलेच कसे निघतात रे, एखादी भांडेवाली निघाली पाहिजे की नाही? नि आपल्या धम्मात आत्माच नाही, तं मागचा जन्म कुठून आला? तो म्हणाला, "आजी, घर में नहीं मानते, क्लिनिक में मानते हैं." हुशार आहे.

तर माझं. मला झोपवलं नि म्हणाला, अंजनी आत्याचा चेहरा आण समोर. आणला. आता रंग काढून टाक, काळापांढरा कर. केला. आता बारीक कर, पोस्टाच्या तिकिटाएवढा. आता दूर ढकल, गल्लीच्या टोकापर्यंत. नि आता त्याच्या मागे बँड लाव, लग्नातला, जोरात.

आपल्या जबलपूरचे बँड म्हणजे काय विचारता. माझ्या डोळ्यासमोर तो एक जाडा भोंगेवाला आला, पोट पुढं नि भोंगा पोटाच्याही पुढं, गाल असे फुगलेले जसे कोणी दोन टमाटे कोंबले. त्याच्यापुढे माझी अंजनी टिचभर, काळीपांढरी, रडून राहिली आहे, नि मागून हा भों भों करते. मला हसू आवरेना. दिवाकरने पुन्हा करवलं, पुन्हा, पुन्हा. शेवटी तो "अंजनी" म्हणाला की नुसता बँडच यायला लागला. त्याने मोबाइलमध्ये काढून घेतलं मला हसताना. दारात रडतानाचंही त्याच्याकडे आधीच काढलेलं आहे म्हणे, मला पत्ताच नाही.

इंदूने चहा हातात आणून दिला. लग्न होऊन आली तेव्हापासून पहिल्यांदा.

आता मागच्या अंगणात बसते. ऊन खरंच चांगलं आहे.

२ मार्च, धुळवड

अंजनीचा फोन लीलाबाईच्या मोबाइलवर येते, सणासुदीला. लीलाबाई भिंतीवरून हाक मारते, मी जाते, नि दोघी मायलेकी रडून घेतो. दरवेळी असंच.

आज अंजनी म्हणाली, "माय, छातीत गाठ निघाली. आधी औषध चढवतील, मंग ऑपरेशन. तू येशील काय? काही करू नको, नुसती जवळ बैस."

"गाठ" म्हणाली नि भोंगेवाला आला. मी तोंडात पदर कोंबला. तरी सुटलंच.

"हसून राहिली काय माय?"

मी म्हटलं, "नाही गं, बँड वाजून राहिला."

"होळीचा?"

"हो, होळीचाच."

लीलाबाईने फोन ओढून घेतला. मला अशी पाहून राहिली होती जशी नालीत पडलेली वस्तू पाहते बाई. म्हणाली, "भानुमती, त्या पोराने तुले काय खाऊ घातलं?"

घरी येऊन दिवाकरला सांगितलं तं त्याने मला उचलून गोल फिरवलं. म्हणाला, आजी, तू माझी सर्वात मोठी सक्सेस आहे. या वयात कोण उचलते हो म्हातारीला. अजून चक्कर येऊन राहिली आहे, पण गोड चक्कर.

अंजनी स्वतःच्या मर्जीने गेली. अंजनी स्वतःच्या मर्जीने गेली.

१५ एप्रिल

काल जयंती होती. आधी पांढरी साडी नेसून, मेणबत्ती लावून, मग मिरवणुकीला गेली. निळे झेंडे, पोरं नाचून राहिलेली, नि पुढे खराखुरा बँड. खराखुरा भोंगेवाला, जाडा. मला वाटलं आता हसू येईल.

तं उलटंच झालं. तो वाजवत जवळ आला तशी अंजनीही जवळ आली. तिकिटाचं पोस्टकार्ड झालं, पोस्टकार्डाची भिंत झाली. रंग भरले. पिवळा फ्रॉक. टाचा. मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसली नि असं रडली की एका पोराने शरबत आणून दिलं, आजी, लू लगी क्या.

घरी आली, पेटीतून दोन साड्या काढल्या, बॅग भरली. बळीरामला म्हटलं, नागपूरला जाते, माझी लेक बिमार आहे.

बळीराम भिंतीकडे पाहून राहिला. मंग म्हणाला, "जाऊ दे तिले." असं म्हणाला तो. इंदू पण चमकली.

दिवाकर म्हणाला, "पप्पा, रिलॅप्स आहे हा. या हालतीत पाठवलं तं आजीच जाईन. एक सेशन होऊ द्या, मंग मी स्वतः गाडीत बसवून देतो."

बळीराम दिवाकरपुढे बोलत नाही आताशा. शिकलेला मुलगा आहे.

आज सकाळी सेशन झालं. या वेळी त्याने काहीच वेगळं वेगळं नाही केलं, सगळं एकदम. झोप पण, वेताची खुर्ची पण, बँड पण, नि माझा अंगठा नि बोट त्याने स्वतःच धरून दाबून ठेवलं, सगळा वेळ. भेडाघाट नि अंजनी एकमेकांवर आदळून राहिले. म्हणाला, अच्छी चीज़ बुरी चीज़ को खा जाएगी. मध्ये वाटलं हात सोडवावा. त्याची पकड घट्ट आहे, बापासारखी.

उठली तेव्हा माझ्या खोलीत बॅग दिसली. कोणाची म्हणून पाहिली, तं माझीच. साड्या परत पेटीत ठेवल्या. एवढ्या उन्हात कोण जाते नागपूरला.

अंजनी स्वतःच्या मर्जीने गेली.

२० मे, रविवार

आज अंजनी आली. दुपारच्या गाडीने, नि ऑटो त्याच वळणावरून आला म्हणे. मी मागच्या अंगणात कैऱ्या चिरून राहिली होती, म्हणून दिसलं नाही.

लीलाबाई तिला धरून आत घेऊन आली. डोक्याला रुमाल बांधलेला, गाल आत गेलेले, भुवया नाहीत. डावा हात कोपरात थोडा वाकडाच राहिला आहे. "माय" म्हणाली नि खाली बसून माझ्या मांडीत तोंड घातलं तिने.

आता यात माझा काय दोष. भोंगेवाला असा जोरात सुरू झाला की कैरीचं ताट हललं. मी हसली. तिला वाटलं मला आनंद झाला, तं ती पण हसली, वर पाहून, डोळे पुसत. मी थांबलीच नाही. मंग ती थांबली.

"माय, माझ्याकडे पाह्य तरी."

मी पाहत होती. ती तिकिटाएवढी होती.

तिने माझा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला, रुमालाच्या आत. केस नाहीत. कोहळ्यासारखं लागलं, गार नि गुळगुळीत. मला आणखी हसू आलं.

दिवाकर दवाखान्यातून आला. "आत्या, नमस्ते. पाहिलं? पहिले ही रोज दारात बसून रडायची."

अंजनी म्हणाली, "तू काय केलं रे हिचं?"

"ठीक केलं."

"मी हिले घ्यायला आली होती. ऑपरेशनपर्यंत. भीती वाटते मले, म्हणून." हे ती दिवाकरला नाही, मलाच म्हणाली, पण माझं लक्ष भोंग्याकडे. दिवाकर म्हणाला, हॉस्पिटलच्या वातावरणाने आजीची प्रोग्रेस जाईल, नि पुढच्या महिन्यात त्याचा कार्यक्रम आहे, त्यात मला लोकांना दाखवायचं आहे. मी म्हटलं, चहा घे गं. घेतला नाही. पहिल्यापासून हट्टी.

जाताना तिने पाया पडून पुन्हा एकदा पाहिलं, जसं गाडीत काही विसरलं काय म्हणून पाहतात. मंग लीलाबाईने तिला स्टेशनवर नेलं.

बळीराम घरातच होता. मोरीत नळाजवळ उभा, पूर्ण वेळ. बादली भरून वाहून राहिली होती, नळ बंद करायचं त्याला सुचलं नाही. पाण्याची काय किंमत आहे मेमध्ये.

कैरीचं लोणचं छान जमलं.

१७ जून, रविवार

आता गोरखपूरला मोठी जागा घेतली, दुसऱ्या मजल्यावर, खाली मिठाईचं दुकान. वेताची खुर्ची तिकडे गेली. मी फीत कापली. मालनबाईंनी माझा हात धरून सगळ्यांना सांगितलं, "याच त्या आजी." त्यांना कुकर अजून चालत नाही, पण राणी असल्याचं समाधान आहे.

या आठवड्यात घरात सगळे विचित्र वागून राहिले. बळीराम ऑफिसच्या कामाने नागपूरला जाऊन आला. पांढरे कपडे घालून गेला, ऑफिसच्या कामाला. आला तेव्हा डोळे लाल, जेवत नाही, माझ्या खोलीत येऊन बाबासाहेबांच्या फोटोपुढे बसते नि निघून जाते. इंदू भाजीत तिखटच घालत नाही. लीलाबाई दोनदा आली, इंदूने तिला फाटकातूनच परत पाठवलं, माँजी झोपल्या म्हणून. मी जागीच होती. पण सून सांगते तं झोपली असेन.

दिवाकरने मला पांढरी साडी आणली, निळ्या काठाची, कार्यक्रमासाठी. नेसून दाखवली. तो नुसता पाहून राहिला. म्हणाला, "आजी, तब्येत ठीक आहे ना?" मी म्हटलं, उत्तम. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. किती जीव लावते.

२४ जून, रविवार

आज माझा सत्कार झाला.

मोठा हॉल, थंडगार, पडदे मखमलीचे. डॉक्टर होते, मास्तर होते, भोपाळहून आलेले होते. दिवाकर कोटात. आधी पडद्यावर मी दिसली, दारात बसून शेंगा सोलणारी, डोळ्यातून पाणी. बापरे, काय अवतार. मंग मी हसणारी. मंग तो मला हात धरून वर घेऊन गेला, लाइट तोंडावर, समोरचं काही दिसेना.

माइकमध्ये म्हणाला की लोक एकच पद्धत धरून बसतात, मी सगळ्या जोडल्या, नि त्याचं प्रमाण आता तुमच्यासमोर आहे. "अब मैं आजी को वह बात बताऊँगा, जो घर में किसी ने इन्हें नहीं बताई."

खालून बळीरामचा आवाज आला. "दिवाकर, नको."

दिवाकर माझ्यापुढे गुडघ्यावर बसला. आवाज मऊ होता, लहानपणी खोकला झाला की यायचा तसा. "आजी, अंजनी आत्या गेली. ऑपरेशन झालं, पण शुद्धीवर आली नाही."

तसा बँड आजवर वाजला नव्हता. एक भोंगेवाला नाही, दहा. ढोल, तुतारी, सगळं. मी हसली, नि माइक जवळ असल्यामुळे ते हसणं हॉलभर फिरून माझ्याकडेच परत आलं. मी दोन्ही हातांनी पोट धरलं.

खालून कोणी तरी बाई उठून बाहेर गेली, चपलांचा आवाज आला. मंग एक टाळी वाजली, मंग दोन, मंग सगळा हॉल. भोपाळवाल्यांनी मला शाल घातली. गुलाबाचा हार घातला. फोटो काढले. माझा असा मान लग्नातही नव्हता झाला, तेव्हा सगळा मान सासूचा.

गाडीत मी दिवाकरला विचारलं, "आधी काहून नाही सांगितलं रे?"

"आजी, आधी सांगितलं असतं तं टेस्ट कशी झाली असती?"

ते पण खरं.

बळीराम पुढच्या सीटवर होता. समोरच्या काचेखाली डोकं टेकवून असा रडून राहिला होता, ढोरासारखा. "मी हात मोडला तिचा," एवढंच म्हणे, परत परत. एवढा मोठा माणूस. मी मागून दिवाकरला हळूच म्हटलं, याच्यावर पण इलाज कर बाबा, मी बरी झाली तसा हा पण होईल.

दिवाकर म्हणाला, "पप्पा मानत नाहीत."

२६ जून

पहिला पाऊस अजून नाही, उकडते. अंगणात तांदूळ निवडायला बसली. लीलाबाई भिंतीपलीकडे कपडे वाळत घालून राहिली होती. मी हाक मारली, शाल पाहायला ये म्हटलं. तिने पाहिलं, नि चिमटे तसेच टाकून आत निघून गेली. जळते.

शाल अंगावर घेतली होती, गरम होऊन राहिलं तरी. म्हटलं आनंदाचा दिवस, चला थोडा आणखी आनंद घ्यावा. अंगठा नि बोट दाबलं.

भेडाघाट आलं, लगेच. धुवांधार, फवारा, पांढरे खडक. हे हसून राहिले, त्यांची टोपी वाहत गेली. सगळे हसून राहिले. कोणी तरी काही तरी म्हटलं होतं, पाऊस खालून वर पडते असं काही, म्हणून हसले होते. कोण म्हणालं ते नाही आलं ध्यानात. खांद्यावर काही वजन नाही. हलकं हलकं. पहिले इथं काही तरी असायचं.

पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच. पाणी आहे, हलकं आहे.

इंदू मागे येऊन उभी राहिली ते मला समजलं नाही. म्हणाली, "माँजी, हात खाली घ्या, काय धरून बसल्या?"

पाहते तं माझे दोन्ही हात वर, गळ्याच्या दोन बाजूंना, मुठी आवळलेल्या. तांदळाचं सूप मांडीवरून उलटलेलं. मी मुठी सोडायला गेली तं सुटेनात, इंदूने एक एक बोट उघडलं.

मी म्हटलं, पाह्य, काही नाही त्यात. काही धरलेलंच नाही मी.